उपशाची घंटी

“ऐक, घंटी बोलतेय. पाणी वर चाललंय. झोप आता.”

हा आवाज माझ्या सासूबाईंचा, इल्साबे आरेंटांचा. मी खालच्या खोऱ्यातली, कोळसा पाडणाऱ्यांची लेक. लग्न होऊन हनोवरच्या राज्यातल्या लाउटरझेल या खाणगावी आले, तेव्हा डोंगरावरून सारखी टण् टण् करणाऱ्या त्या घंटीनं माझा डोळा लागेना. फळीच्या भिंतीपलीकडून सासूबाई तेवढं बोलल्या, आणि मग तान्ह्याला थोपटावं तशा गुणगुणल्या :

घंटी वाजे गं डोंगरी, पाणी वर वर चढे,
बाळ माझा शिडीवरी, त्याला उजेड सापडे.

त्यांना जाऊन कितीतरी हिवाळे लोटले. तरी उशीला कान टेकला की पहिला येतो तो त्यांचाच आवाज.

लाउटरझेलची माणसं आवाजानं उठत नसत, आवाज थांबला की उठत. ‘नवा दिलासा’ खाणीच्या तोंडाशी उपशाचं मोठं पाणचाक होतं. वरच्या तळ्यातून पाटानं पाणी येई, चाक फिरे, चाकाला जोडलेले लांब दांडे खाली अंधारात पंप ओढत. आणि चाकाच्या दर फेऱ्याला एक लाकडी बोट उचललं जाऊन घंटीला टिचकी मारी. घंटी बोलतेय म्हणजे पाणी उपसलं जातंय, खाली गेलेला माणूस कोरड्यात उभा आहे. ती गप्प झाली की बाया मळतं पीठ टाकून खाणीकडे धावत, आणि चौकीवरचा माणूस दोर ओढून खाली इशारा देई : सोडा हातातलं, चढा शिड्या.

आरेंटांच्या घरात तीन भाऊ. थोरला हेनिंग, माझा नवरा. मोजकं बोलणारा, आणि बोलेल ते दगडात कोरल्यासारखं. धाकटा कास्पर भारी शिट्टीबाज. खाणीत शिट्टी वाजवणं म्हणजे मरणाला हाक मारणं, म्हणून तो तोंडात वाळल्या सफरचंदाची फोड धरूनच खाली उतरायचा. आणि मधला लुडोल्फ.

लुडोल्फही पोरवयात बाकीच्यांसारखा गार पाण्यात चांदीचे दगड धूत बसायचा. पण त्याला प्रश्न पडत. चाक बर्फात का अडतं, पाणी वरच्याच बोगद्यात का गळतं. पाद्रीबाबांनी त्याला ओढून शाळेत घातला, शाळेनं पुढे खाणीच्या विद्यालयात ढकलला. खाणकऱ्याचा पोरगा अधिकाऱ्याची टोपी घालणार, हे आमच्या गल्लीत पहिल्यांदाच घडत होतं.

विद्यालयात भरती होताना चामड्यावरून उडी घ्यायची रीत आहे. खाणकरी कमरेला मागं जे चामडं बांधतो, ते दोन जाणत्यांनी दोन टोकांना धरायचं. पोरानं बीअरचा प्याला रिता करायचा, मनातला बोल मोठ्यानं सांगायचा आणि चामडं ओलांडून जायचं. लुडोल्फसाठी वडिलांचं चामडं पेटीतून काढलं होतं. एक टोक हेनिंगच्या हातात होतं.

“जितके खाली नेईन, तितके वर आणीन!” असं ओरडून लुडोल्फनं उडी घेतली.

“उडी बरी होती,” हेनिंग म्हणाला, “आता उतरताना पाय मोडू नकोस.”

सगळे हसले. हेनिंगही हसला होता. त्याचं ते हसू मी जपून ठेवलंय, कारण पुढं फार दिवस ते दिसलं नाही.

शिकून लुडोल्फ आमच्याच खाणीवर अधिकारी म्हणून आला. मी त्याला ‘अहो’ म्हणायला लागले, तर त्यानं टोपी काढून खुंटीवर टांगली. “टोपी तिकडं आहे, वहिनी. तिला म्हण ‘अहो’. मी अजून तुझ्या हातचा मार खाल्लेला दीरच आहे.”

आल्या आल्या त्यानं खाणखात्याच्या मागं लागून नवं यंत्र आणवलं. जुन्या चाकाला खोलवरचं पाणी ओढवेना, तळाचे लोक गुडघाभर पाण्यात राबत. नवं यंत्र खाणीच्या पोटातच बसलं. पाण्याच्याच दाबानं ते पाणी वर फेकायचं. तळ कोरडा झाला. माणसांच्या पायांची सूज उतरली. गावानं लुडोल्फला खांद्यावर घेऊन मिरवलं.

पण मोठं चाक थांबलं, आणि घंटी मुकी झाली.

गावाची झोप गेली. कुणी कूस बदलतंय, कुणी दारात येऊन डोंगराकडे कान लावतंय. डोक्याला ठाऊक होतं की खाली यंत्र चालू आहे, पण कान ऐकेना. खानावळीची टिल्के तेवढी खूश. “अगं डोरेटे, तुझ्या दिरानं गावाची झोप चोरली, आणि जागी माणसं माझी बीअर पितात. मी त्याच्या नावानं मेणबत्ती लावीन बघ.”

आमच्या सासूबाईंचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्या उठून चालत सुटायच्या, अनवाणी, खाणीच्या वाटेनं. “पोरं खाली आहेत, घंटी बंद आहे,” एवढंच म्हणत. हेनिंगनं कितीदा त्यांना उचलून घरी आणलं. त्यांचे पाय काळेनिळे पडले, जेवण तुटलं. वैद्यानं मान हलवली.

मग एका सकाळी घंटी पुन्हा बोलायला लागली. खाणीच्या तोंडाशी पाटात एक छोटं चाक बसवलं होतं, त्याला ती जोडली होती. पाटाचं पाणी वाहतंय तोवर ती वाजणार. यंत्राशी तिचा काही संबंध नव्हता. ती नुसती झोपेसाठी होती. हे सगळ्यांना सांगितलं गेलं, चर्चमध्ये वाचून दाखवलं गेलं. आणि यंत्र बघायला चौकीवरच्या माणसानं पाळीत पुन्हा पुन्हा शिडी उतरायची, असा नियमही लुडोल्फनं घातला.

सासूबाई त्या दिवशी बसल्या जागी झोपल्या, मांडीवर विणकाम तसंच ठेवून. मी लुडोल्फला म्हटलं, “देव तुझं भलं करो.” तो टोपी हातात फिरवत घंटीकडे बघत होता. हेनिंग त्याच्या पाठीवर थाप मारून कामाला गेला. आईची दशा बघून लुडोल्फला पाझर फुटला, असंच मला वाटलं. सगळ्या गावाला तसंच वाटलं.

बर्फ वितळायचे दिवस होते. सकाळची पाळी खाली गेली होती आणि मी अंगणात धुणं वाळत घालत होते. पाट भरून वाहत होता, म्हणून घंटी नेहमीपेक्षा चपळ वाजत होती, पोरीबाळींनी फेर धरावा तशी. त्या तालावर मी गुणगुणत होते. चौकीवरचा म्हाताराही पाइप ओढत तीच ऐकत बसला होता. कान सांगत होते की सगळं ठीक आहे. मग पाय कशाला झिजवायचे? सगळ्या लाउटरझेलचे कान तेच सांगत होते.

खाली यंत्राची झडप गाळानं अडकली होती.

वरच्या बोगद्यातली माणसं चिंब होऊन बाहेर आली तेव्हा कळलं. तळाला होते ते तिघं आले नाहीत. त्यातला एक आमचा कास्पर. गाव खाणीकडे धावलं, रडारड झाली, आणि त्या सगळ्यावर घंटी वाजतच होती, आनंदानं, चपळाईनं. शेवटी लुडोल्फ कुऱ्हाड घेऊन पाटात उतरला. कमरेइतक्या बर्फाच्या पाण्यात उभा राहून त्यानं ते छोटं चाक फोडलं. चाकाच्या चिंधड्या झाल्या तरी तो घाव घालतच होता.

त्यानंतर बायांनी एक नवी ओवी जोडली. मी कधी म्हटली नाही, पण ऐकली आहे :

पाटावरलं पाणी, खुळं झुळुझुळु खेळे,
खाली माझ्या राजसाचे, मिटले गं डोळे.

चौकशी खाणखात्याच्या कचेरीत झाली. दार उघडं होतं, आम्ही पायऱ्यांवर उभे होतो. वरून आलेल्या साहेबानं विचारलं, “घंटी पाटाच्या चाकाला लावायचं कुणी सुचवलं?”

“हुकूम माझा होता,” लुडोल्फ म्हणाला.

“ते कळलं. सुचवलं कुणी? आईनं? गावकऱ्यांनी?”

“हुकमावर सही माझी आहे. दुसऱ्या कुणाची नाही.”

माझ्या शेजारी हेनिंग उभा होता. त्याचे ओठ हलले. मग तो वळला आणि पायऱ्या उतरून निघून गेला. कास्परचं दुःख त्याला सोसवत नाही, असं मी मनाशी म्हटलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात ‘लुडोल्फ’ हे नाव संपलं. हेनिंग ‘तो’ म्हणे, फार झालं तर ‘टोपीवाला’. सासूबाई त्याच उन्हाळ्यात गेल्या. दफनाच्या वेळी दोघं भाऊ कबरीच्या दोन बाजूंना उभे होते. लुडोल्फनं हात पुढं केला. हेनिंगनं फावडं उचललं.

लुडोल्फची बदली दूर सखल मुलखात झाली, मिठाच्या कारखान्यावर. लोक म्हणाले, संपला. पण तो संपणारा नव्हता. मिठाच्या भट्ट्यांवरून तो कोळशाच्या खाणींत गेला. जिथं कुठं अपघात झाला तिथं स्वतः शिडी उतरून बघायचा, विधवांच्या दारात बसायचा, चौकीदारांना विचारायचा : तू काय ऐकलंस? काय पाहिलंस? तुला काम थांबवता आलं असतं का? सगळीकडे एकच उत्तर. थांबवता आलं असतं, पण साहेबांनी नोकरीवरून काढलं असतं.

मध्येच राज्य बदललं. हनोवरचा राजा गेला, प्रशियाचा आला. नव्या राजवटीला कामाची माणसं हवी होती, म्हणून लुडोल्फ चढत चढत वरिष्ठ सल्लागार झाला. वरच्यांना तो हवाही होता आणि नकोसाही. कारण जिथं बसेल तिथं तो एकच गोष्ट मांडायचा. इशाऱ्याची घंटी उपशाच्या पंपालाच जोडलेली असली पाहिजे, दुसऱ्या कशालाही नाही. आणि चौकीवरचा माणूस खाणकऱ्यांनी निवडलेला हवा. त्यानं काम थांबवलं तर कुठल्या साहेबानं त्याला काढता कामा नये. असा कायदा करा.

खात्याला ते पटेना. आमच्या खाणीत तर घंटी पुन्हा लागलीच नव्हती. तिथले मुख्य साहेब ब्रोकहोफ म्हणायचे, “घंटी लावली की थांबणार, थांबली की माणसं हत्यारं टाकून पळणार. खाण चालवायची की शर्यत?”

कचेऱ्यांतून काही हलत नाही असं बघून लुडोल्फ बर्लिनच्या विधिमंडळासाठी उभा राहिला. पहिल्या खेपेला पडला. आणि त्याला पाडलं ते लाउटरझेलनंच. हेनिंग आरेंट ज्याचं नाव तोंडावर आणत नाही, त्याचं नाव आम्ही कसं घ्यावं, असं लोक म्हणाले.

पुढच्या खेपेला तो पुन्हा उभा राहिला. त्या शरद ऋतूत तो माझ्या स्वयंपाकघरात आला. दरवर्षी कास्परच्या कबरीवर जाऊन तो मागच्या दारानं येई, आणि हेनिंग पुढच्या दारानं बाहेर पडे. त्याचे केस पांढरे झाले होते. मी काळा पाव आणि चीज पुढं ठेवलं.

“कॉफी साहेबासारखी फुंकू नकोस,” मी म्हटलं. “चिकोरीची आहे, विष नाही.”

“तुझ्या हातचं विषही कडक भाजलेलं असेल, वहिनी.”

“बर्लिनला मोठी जागा देतायत म्हणे तुला.”

“देतायत. अट एकच. निवडणुकीला उभं राहायचं नाही.”

“मग?”

“मग काय? अर्ध्या शिडीवरून कुणी घरी जातं का?”

“गाव तुला पुन्हा पाडेल, लुडोल्फ.”

“मग मी तिसऱ्यांदा उभा राहीन. म्हातारा होईन, काठी टेकत उभा राहीन.” त्यानं पाव मोडला. “तुमचा योब्स्ट आता तळाला उतरतो ना?”

योब्स्ट आमचा मुलगा. कास्पर ज्या तळाला बुडाला, त्याच्याही खाली नवा तळ खणला होता, तिथं तो जायचा. रोज तो परतेपर्यंत मी मुक्या डोंगराकडे कान लावून बसते, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

“तू एकदा हेनिंगशी बोल,” मी म्हटलं. “दारात उभा राहून बोल. मारलं तर मार खा.”

त्यानं कप फिरवून तळाचा गाळ हलवला. “मी बोललो तर त्याला उत्तर द्यावं लागेल. ते मी त्याच्यावर लादणार नाही. त्यानं माझ्यावर माया करावी असं नाही, वहिनी. मला कायदा हवाय.”

हे बोलणं मला तेव्हा उलगडलं नाही. त्यानं टोपी घेतली, “सुखरूप वर ये” म्हणाला, जसं आमच्याकडे निरोप घेताना म्हणतात, आणि गेला.

आमच्याकडच्या निवडणुकीत आधी गावानं आपले पंच निवडायचे. मग खोऱ्यातल्या सगळ्या गावांच्या पंचांनी एका दालनात जमायचं, नाव पुकारलं की उभं राहायचं आणि उमेदवाराचं नाव सगळ्यांदेखत मोठ्यानं घ्यायचं. चिठ्ठी नाही, आडोसा नाही. कोण कुणाचा, ते साहेबांना तिथंच कळायचं. लुडोल्फच्या विरोधात जमीनदार फॉन रीडेनाउ उभे होते, आणि ब्रोकहोफसाहेबांनी त्यांच्यासाठी कंबर कसली होती.

साहेबांनीच हेनिंगचं नाव पंच म्हणून पुढं केलं. हेनिंग आता मुकादम होता, राहतं घर खात्याचं होतं, गाव त्याला मानत होतं. शिवाय भावाचं नाव तो मेला तरी घेणार नाही, हे जगजाहीर. टिल्केच्या खानावळीत साहेब हसत म्हणाले, “ज्या दाराला कुलूपच आहे, तिथं राखणदार कशाला हवा?” गावानं हेनिंगला पंच निवडलं.

निवडणुकीच्या आदल्या दुपारी हेनिंग पक्ष्यांपाशी होता. हिवाळ्याआधी आमच्याकडे घरोघर हेच काम. कॅनरीची कोवळी पिल्लं छोट्या लाकडी पिंजऱ्यांत ठेवायची, वर कापड टाकून उजेड कमी करायचा, आणि मध्ये एक जुना गाणारा पक्षी ठेवायचा. अंधारात पिल्लं त्याचं गाणं ऐकतात आणि शिकतात.

मी दारात उभी राहिले. “उद्या कुणाचं नाव घेणार?”

“रीडेनाउ.”

“तो कधी शिडी उतरलाय?”

“बाई, मला पक्ष्यांचं बघू दे.”

“योब्स्ट तळाला आहे, हेनिंग. वर एक म्हातारा बसलाय, त्याला दोर ओढायची भीती वाटते. तुझा भाऊ ती भीती काढायला निघालाय.”

त्यानं एक कापड उचललं, पुन्हा नीट बसवलं.

“अरे, कास्पर माझाही होता,” मी म्हटलं. “त्याला मी हातानं भरवलंय. मी लुडोल्फला माफ केलं. आईनंही केलं. तूच काय धरून बसलायस?”

“मी त्याच्यावर रागावलोय, असं तुला कुणी सांगितलं?”

इतक्या वर्षांत असं तो पहिल्यांदा बोलला. मी थांबले. पुढं काही येईल म्हणून वाट पाहिली. जुना पक्षी खालच्या सुरात गळा घोळवत होता.

“हा तुझा उस्ताद मुका झाला, तर पिल्लं काय शिकतील रे?” शेवटी मीच विचारलं.

“मुकीच राहतील,” हेनिंग म्हणाला. आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी टिल्केच्या खानावळीचं मोठं दालन भरलं. बायांना आत मज्जाव. पण रस्सा आणि सॉसेज लागणारच होते, म्हणून मी आणि टिल्के स्वयंपाकघरात होतो, आणि ताटं द्यायच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. खाणीच्या सणाला घालतात ते काळे डगले घालून पंच बाकांवर बसले होते. मेजामागं निवडणूक अधिकारी, त्याच्या शेजारी ब्रोकहोफसाहेब. शेगडीपाशी लुडोल्फ उभा. त्यानं आज टोपी घातली नव्हती. हातात वडिलांचं जुनं चामडं होतं, घडी घातलेलं.

“ते कशाला आणलंय गं?” टिल्के कुजबुजली. “जिंकला तर उडी मारणार की काय, या वयात? माझी फरशी नवी आहे.”

“गप्प बस. ऐकू दे.”

एकेक गाव पुकारलं जाऊ लागलं. शेतकरी गावांनी रीडेनाउंचं नाव घेतलं. लाकूडतोड्यांनी घेतलं, पण खाली बघत. मग वरच्या खाणींची गावं आली, आणि एक हडकुळा माणूस उठून ओरडला, “लुडोल्फ आरेंट!” ब्रोकहोफसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बसताना बाक चुकला. पण त्याच्या मागचा उठला. त्याच्याही मागचा. भिंतीवरच्या काळ्या फळीवर खडूच्या दोन रांगा वाढत होत्या, कधी ही पुढं, कधी ती. लाउटरझेल यजमान गाव, म्हणून शेवटी. आमचे बाकीचे पंचही दुभंगले. दोन्ही रांगा तोलात आल्या. फक्त एक नाव पुकारायचं राहिलं.

दालनात बूट घासल्याचाही आवाज नव्हता. साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं, निवांतपणे, जेवणाची वेळ बघावी तसं.

“हेनिंग आरेंट!”

तो उठला. त्याच्या मानेवरची शीर मला खिडकीतून दिसत होती. टिल्केनं माझा हात धरला. तिचा हात ओला होता.

हेनिंगनं तोंड उघडलं, मिटलं. लुडोल्फनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो खाली, चामड्याकडे बघत होता, जणू भावाला बघायचीही सक्ती नको.

“नाव घ्या,” अधिकारी म्हणाला.

“त्याआधी एक सांगायचंय.”

“इथं भाषण चालत नाही, आरेंट. फक्त नाव.”

“नावच घेतोय. पण ते एका गोष्टीखाली अडकलंय. ती काढल्याशिवाय वर येत नाही.”

ब्रोकहोफसाहेब पुढं झुकले. “मुकादम, घर कुणाचं आहे ते आठवतंय ना?”

“आठवतंय, साहेब. संध्याकाळपर्यंत रिकामं करतो. पक्षी तेवढे नेईन.”

मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. माझ्या हातातली पळी रश्श्यात बुडाली ती मी काढलीच नाही.

हेनिंग साहेबांकडे पाठ करून गावाकडे वळला. शेवटच्या बाकांवर कास्परबरोबर बुडालेल्या दोघांचे भाऊबंद बसले होते. तो त्यांच्याशीच बोलला.

“पाटावरची घंटी यानं लावली, असं तुम्ही सगळे म्हणता. मीही म्हणू दिलं. ती मी मागितली होती. आई अनवाणी फिरत होती, मला बघवत नव्हतं. मी याच्याकडे गेलो. हा नाही म्हणाला. खोटी घंटी माणसं मारेल, असं हा म्हणाला. मी पुन्हा गेलो, हा पुन्हा नाही म्हणाला. तेव्हा मी याला म्हटलं, टोपी चढली म्हणून आईला मारतोस काय? दगडाचा झालास काय? मग यानं सही केली. कचेरीत साहेबानं विचारलं, सुचवलं कुणी? मी दारातच होतो. यानं मला वाचवलं, आणि मी पायऱ्या उतरून निघून गेलो. याचं नाव घेतलं असतं तर हेही बोलावं लागलं असतं. म्हणून नाव घेतलं नाही. राग नव्हता तो.”

लुडोल्फनं मान वर केली होती. चामड्याची घडी त्याच्या हातातून सुटली होती, एक टोक जमिनीला टेकलं होतं. हेनिंग बाकांमधून वाट काढत त्याच्यापाशी गेला, वाकला, ते टोक उचललं, आणि लुडोल्फच्या उडीच्या वेळी धरलं होतं तसं हातात घट्ट धरलं.

“नाव!” अधिकारी मेजावर हात आपटत म्हणाला. “आरेंट, नाव घ्या!”

“लुडोल्फ,” माझा नवरा म्हणाला, मोठ्यानं, सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं. “लुडोल्फ आरेंट. माझा भाऊ.”